दख्खनचे घर आणि उन्हाळा : छपराचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया, तह, राज्यारोहणे आणि सनावळ्या, अशी आपली समजूत असते. आम्ही शिक्षकही वर्गात बहुधा तेवढेच शिकवितो. परंतु वाचकहो, ज्या सुलतानांची नावे आपली मुले पाठ करतात ते वैशाखाच्या दुपारी बसत कोठे? त्यांच्या राज्यातील कुणबी, मोमीन, मणियार, तांबोळी हे त्या वेळी काय करीत? विजेचा दिवा नव्हता तेव्हा पंखाही नव्हता. तरीही याच दख्खनमध्ये, याच उन्हात, माणसे शेकडो वर्षे राहिली, हातमागावर बसली, किताबती करीत राहिली. त्यांच्या घरांची हकीकत पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे. ती मुख्यतः छपराची हकीकत आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

छपराचीच का, हे समजण्यासाठी आधी थोडा भूगोल पाहू. आपले राज्य साधारण १६ ते २२ उत्तर अक्षांशांत येते. कर्कवृत्त त्याच्या उत्तरेला राहते. म्हणून मे महिन्यात सूर्य दुपारी आपल्या थेट डोक्यावर येतो. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास आणि मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याचा अर्थ असा की, ऐन उन्हाळ्यात घराच्या दक्षिण भिंतीला दुपारचे ऊन जवळजवळ लागतच नाही. पूर्वेची भिंत सकाळी तापते, पश्चिमेची सायंकाळी. छप्पर मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तापत राहते. एकमजली घरात उष्णता शिरण्याचा सर्वांत मोठा दरवाजा डोक्यावर असतो, आणि आपण मात्र खिडक्यांना पडदे लावून समाधान मानतो.

आपल्या पूर्वजांनी अक्षांश मोजले नसतील, पण हे त्यांना पक्के ठाऊक होते. मराठवाड्यातील माळवदाचे आणि खानदेशातील धाब्याचे घर हा त्याचा पुरावा होय. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या किंवा जवळजवळ मांडलेल्या काटक्या, त्यांवर पाल्याचा वा गवताचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे छप्पर. घर लहान की मोठे हे किती खणांचे आहे यावरून सांगत. माळवदाला उजेडासाठी आणि चुलीचा धूर जाण्यासाठी एक भोक ठेवीत, त्याला साणे म्हणत. घरातील तापलेली हवाही त्याच वाटेने वर निघून जाई. पांढरी माती बहुधा जुन्या गढीची किंवा पडक्या वस्तीची असे. गावठाणाला आपण 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणतो, त्या शब्दांत हा मातीचा फरक आजही शिल्लक आहे. ही माती दाबून बसविली की पावसाचे पाणी सहसा आत घेत नाही आणि रंगाने फिकी असल्यामुळे ऊनही काही प्रमाणात परतविते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर तिचा नवा थर पसरीत आणि चोपीत. हा दरवर्षीचा नवा थर वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

जाड मातीचा गुण असा की, ती उष्णता अडविते त्यापेक्षाही तिला उशीर लावते. दुपारी बाराला वरच्या पृष्ठावर पडलेले ऊन दीड-दोन फूट मातीतून आत पोचेपर्यंत रात्र होते. तोवर बाहेरची हवा थंड झालेली असते आणि घरची माणसे बाजा-घोंगड्या घेऊन माळवदावर किंवा चौकात निजायला गेलेली असतात. म्हणजे घर दोन पाळ्यांत वापरले जाई, दिवसा आत आणि रात्री बाहेर. वाड्याचा चौक काय किंवा आपल्या जुन्या घरांतील सहन काय, रात्रीची गार हवा तेथे साठून राही आणि सकाळी उशिरापर्यंत दालनांना पुरत असे. चौकाभोवतीच्या ओसरीमुळे आतल्या भिंतींवर ऊन पडत नसे. पर्दा, पाहुण्यांची वर्दळ, धान्याची वाळवण अशी चौकाची इतर कारणेही होतीच. केवळ थंडाव्यासाठी तो बांधला जाई असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

कोकणात मात्र हा हिशेब चालत नाही. तेथे हवेत दमटपणा असल्यामुळे रात्रही फारशी गार होत नाही, आणि उष्णता धरून ठेवणारी जाड भिंत तेथे उपयोगापेक्षा त्रासच अधिक देते. म्हणून तेथे उंच जोते, उतरते कौलारू छप्पर, रुंद पडवी आणि आरपार वारा. दोन्ही घरे मराठीच, पण एकाची नक्कल दुसरीकडे केली तर फसगत व्हावयाची.

आता राजेरजवाड्यांकडे वळू. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील फराह बाग पाहिलेल्या वाचकांना तो महाल आठवत असेल. पहिल्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३ साली तो पूर्ण झाला. चहूबाजूंनी पाणी, मध्ये महाल, चारही दिशांना उंच कमानी आणि आत दोन मजल्यांइतका उंच दिवाणखाना, अशी त्याची रचना. तळ्यात आज पूर्वीचे पाणी नाही. परंतु कोरडा, तापलेला वारा पाण्यावरून आला म्हणजे पाण्याची वाफ करण्यात त्याची उष्णता खर्च होते आणि तो गार होऊन कमानीत शिरतो, हे तत्त्व तेथे उभे राहिले की मुलांनाही लगेच कळते. उन्हाळी सहल न्यायची तर अशा ठिकाणी न्यावी, असे माझे मत आहे.

औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) याहूनही युक्तीचे एक उदाहरण आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसविली आणि पुढे जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिले, हे सर्वश्रुत आहे. त्याच परंपरेतील एका नहरीचे पाणी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळील पाणचक्कीला येते. पीठ दळणारी चक्की पाहून पर्यटक परत फिरतात. पण तेथील मोठा हौद कशावर आहे हे फार थोडे पाहतात. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त, जाड खांबांच्या दालनाचे छप्पर होय. डोक्यावर माती नाही, फरशी नाही, चक्क पाणीच! ते तापावयास वेळ लागतो आणि तापले तरी वाफ होऊन उष्णता उडून जाते. खालच्या दालनात उन्हाळ्यातही गारवा राहतो. यात्रेकरूंना आणि मुसाफिरांना या गारव्याचा आसरा मिळे. माझ्या मते दख्खनमधील छपरांत हे सर्वांत हुशार छप्पर आहे. राजाच्या एकट्याच्या विश्रांतीसाठी ते नव्हते, हे विशेष.

उत्तरेत मोगलांनी वाळ्याचा उपयोग केला. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वाळ्याच्या मुळांच्या झोपड्यांचा उल्लेख केला असून त्यांवर पाणी शिंपडल्याने भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो अशा अर्थाचे वर्णन केले आहे. बर्निए या फ्रेंच वैद्याने १६६३ साली दिल्लीहून लिहिलेल्या पत्रात तेथील अमीर-उमरावांच्या घरांची बारकाईने माहिती दिली आहे. चारही वाऱ्यांना मोकळी बैठक, दुपारी पडून राहण्यासाठी मोठमोठे पंखे असलेले तहखाने, रात्री निजायला गच्ची आणि बागेत हौदाजवळ खसखाने, असे ते वर्णन आहे. हौदाजवळ कशासाठी, याचेही कारण त्याने दिले आहे. नोकरांना चामड्याच्या पखालींतून पाणी आणून बाहेरून शिंपडणे सोपे जावे म्हणून.

तो खसखाना गार राही तो भिश्त्याच्या पाठीवर. आत बसलेल्याला वाळ्याचा सुगंध आणि बाहेर उभा असलेल्याला ऊन. पुढे इंग्रज साहेबांच्या बंगल्यांत छताला टांगलेला झालरीचा पंखा आला, तेव्हाही त्याची दोरी ओढणारा माणूस बाहेर व्हरांड्यातच बसलेला असे. त्या काळाचे वर्णन करताना नुसत्या वैभवाचे गोडवे गाऊ नयेत. माळवदाच्या घरात मात्र कोणाच्या घामावर दुसऱ्याचा गारवा चालत नव्हता. वर्षातून एकदा घरच्यांनी मिळून माती पसरली की झाले.

इंग्रजी अमदानीने आणखी एक वस्तू आणली आणि ती अद्याप आपल्या डोक्यावर आहे. नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडनमधील हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली घेतले. स्वस्त, हलका, गळत नाही, चार माणसांत दिवसभरात बसतो. गुण पुष्कळ, पण पातळ पत्र्याला उशीर लावणे ठाऊक नाही. ऊन पडले की त्याच घटकेला ते खाली.

आता ज्या गोष्टीमुळे माळवदाची कहाणी केवळ कौतुकाची राहत नाही, तिकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत भूकंप झाला. गणेश विसर्जनानंतरची ती रात्र होती आणि माणसे घरात गाढ झोपली होती. सुमारे आठ हजार माणसे दगावली, काही हिशेबांप्रमाणे त्याहूनही अधिक. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. इतक्या तीव्रतेच्या भूकंपात इतके मृत्यू का व्हावेत, याचा तज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा बोट घराकडेच वळले. दोन-अडीच फुटांपासून चार फुटांपर्यंत जाडीच्या भिंती, त्या दगडांच्या आणि मातीत रचलेल्या. आतल्या व बाहेरच्या दगडांना एकत्र बांधून ठेवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नाही. आणि वर ते माळवद. दरवर्षी नवा थर पडत पडत ते फूट, दीड फूट, काही घरांत त्याहूनही जाड झालेले. भिंती फुटल्या आणि जी माती पिढ्यान् पिढ्या उन्हापासून राखण करीत आली, तीच अंगावर आली. लाकडी खांबांचा सांगाडा जेथे धड होता तेथे छप्पर पुष्कळदा खांबांवर तोलून राहिले, असेही दिसून आले.

त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. ज्यांनी आपली माणसे मातीखालून काढली त्यांना मातीचे छप्पर नको वाटले, यात नवल नाही. त्यांना 'जुने ते सोने' हे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. मराठवाड्यात माळवदे कमी होत जाण्याची इतरही कारणे आहेत. लाकूड महागले, दरवर्षी माती पसरणारे हात शहरात गेले, आणि स्लॅबचे घर ही प्रतिष्ठेची खूण झाली. पण किल्लारीनंतर मातीच्या छपराची भीती मनात बसली ती कायमची.

माती गेली आणि तिच्या जागी चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब आला. तो भूकंपात नीट बांधला असल्यास अधिक भरवशाचा, गळतीला बरा, वर मजला चढविता येतो. उन्हाच्या बाबतीत मात्र तो ना माळवदासारखा रात्रीपर्यंत उशीर लावतो, ना पत्र्यासारखा सूर्यास्तानंतर लगेच निवतो. दुपारचे ऊन तो बरोबर सायंकाळी खाली सोडू लागतो, म्हणजे माणसे कामावरून परतली, स्वयंपाक सुरू झाला, मुले पुस्तक उघडून बसली त्या वेळी. रात्री अकरालाही छताचा पंखा वरची तापलेली हवाच खाली ढकलत राहतो.

हा फरक नुसता अनुभवाचा नाही, तो मोजला गेला आहे. इजिप्तचे वास्तुशास्त्रज्ञ हसन फतही (१९००-१९८९) यांनी गरिबांसाठी कच्च्या विटांची घरे बांधण्याचा आयुष्यभर ध्यास घेतला. त्यांच्या प्रेरणेने १९६४ साली कैरो येथील इमारत संशोधन केंद्राच्या आवारात निरनिराळ्या साहित्याच्या प्रायोगिक खोल्या बांधून तापमान नोंदविण्यात आले. कच्च्या विटांच्या, ५० सेंटिमीटर जाडीच्या खोलीत चोवीस तासांत तापमान २१ ते २३ अंश सेल्सिअसच्या दरम्यानच राहिले. दहा सेंटिमीटर काँक्रीटच्या तयार फळ्यांच्या खोलीत ते ३६ अंशांवर गेले. बाहेरच्या हवेपेक्षाही ९ अंशांनी अधिक! म्हणजे त्या खोलीत बसण्यापेक्षा बाहेर सावलीत बसणे बरे. तो महिना मार्चचा होता. आपल्याकडच्या मे महिन्याची कल्पना वाचकांनीच करावी.

यावर वातानुकूलन यंत्र आहे की, असे कोणी म्हणेल. त्या यंत्राचा जन्मही मौजेचा आहे. विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअरने १९०२ साली ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी तयार केले, ते माणसांना घाम येतो म्हणून नव्हे, तर दमट हवेत कागद फुगून रंगीत छपाई बिघडते म्हणून. आज ते मध्यमवर्गीयांच्या घरांत पोचले आहे. पण हिशेब करून पाहा. दीड टनाचे यंत्र तासाला साधारण दीड युनिट वीज घेते असे धरले तर आठ तासांचे बारा युनिट होतात. जुना ७५ वॅटचा पंखा वीस तास चालविला तर दीड युनिट, आणि अलीकडचा कमी विजेचा सुमारे ३० वॅटचा पंखा वापरला तर केवळ ०.६ युनिट. शिवाय यंत्र खोलीतील उष्णता नष्ट करीत नाही, ती गल्लीत आणून टाकते, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत. भिश्ती गेला, पण बाहेर उभा असलेला माणूस उन्हातच राहिला!

मग माती परत आणावयाची नाही आणि यंत्र परवडत नाही, तर करावे काय? येथे इतिहास उपयोगी पडतो. मातीचे छप्पर वजनाने मारक ठरले. त्याचे दुसरे दोन गुण, फिका रंग आणि उष्णतेला होणारा अडथळा, यांना वजनाची अट नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची भीषण लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. तेथील महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. तेलंगण राज्याने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. केंद्र सरकारने घरांसाठी २०१८ साली काढलेल्या इको-निवास संहितेत भिंतींबरोबर छपरातून किती उष्णता आत यावी याचीही स्वतंत्र मर्यादा घातली आहे. छपराला कायद्याने एवढे महत्त्व मिळाले याचे मला समाधान वाटते.

आपल्या कारागिरांनाही हे नवे नाही. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी बसविण्याची चाल पुष्कळ जुनी आहे. गळतीसाठी म्हणून तो करतात, पण उन्हालाही तो अडवितो. घर बांधताना पैसे कमी पडले की प्रथम कात्री याच कोब्याला लागते आणि त्याच पैशांत पुढच्या भिंतीला भडक रंग किंवा टाइल्स लागतात, हे आपण रोज पाहतो. ज्यांच्याकडून कोबा होणे नाही त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची झाडून स्वच्छ करावी आणि कळीचा चुना भिजवून, गाळून, चिकटपणासाठी त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल मिसळून दोन हात द्यावेत. चुना भिजविताना तो उकळतो, डोळे सांभाळावेत आणि मुलांना दूर ठेवावे. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा. पत्र्यालाही पांढरा रंग चालतो, आणि खाली थोडी पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचे किंवा तसल्याच हलक्या वस्तूचे दुसरे छत घातले तर फरक तत्काळ जाणवतो. पश्चिमेच्या खिडकीवर आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून तट्टी किंवा गोणपाट बांधावे, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याने परत जात नाही. रात्री खिडक्या उघड्या, सकाळी नऊच्या पुढे बंद, ही जुन्या घरांतील शिस्त स्लॅबच्या घरालाही लागू पडते. कूलर म्हणजे तरी काय, मोगलांचा खसखानाच, फक्त भिश्त्याऐवजी मोटर आहे. पण तो कोरड्या हवेचा मित्र असल्यामुळे त्याच्या समोरची खिडकी उघडी हवी. सर्व दारे लावून कूलर चालविणारे नुसता दमटपणा वाढवितात.

हे सर्व स्मरणिकेत लिहिण्याचे कारण वाचकांच्या ध्यानात आले असेलच. घरात दुपारी असतात त्या स्त्रिया, म्हातारी माणसे आणि मुले. वार्षिक परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये येतात. पत्र्याखाली बसलेल्या मुलाचे डोके दुपारी चालत नाही, आणि त्याला आळशी म्हणून आम्ही शिक्षक मोकळे होतो. शाळांच्या वर्गखोल्यांची स्थितीही बहुतेक ठिकाणी निराळी नाही. वरच्या मजल्यावरील वर्ग सकाळच्या सत्रात ठेवावेत, दुपारचे वर्ग खाली आणावेत, एवढे तर वेळापत्रकातही करता येते, त्याला एक पैचाही खर्च नाही. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात वरच्या दोन वर्गांपैकी एकाच्याच गच्चीला चुना द्यावा, दुसरी तशीच ठेवावी. दोन्ही वर्गांत एकेक तापमापक टांगावा आणि विज्ञानाच्या तासाला मुलांकडून रोज दुपारी दोन आणि चार वाजता नोंदी करवून घ्याव्यात.